सर्वांत मोठा दिवस आणि आपला मिरग

वाचकहो, २१ जूनला आपण काय करीत असतो, हे जरा आठवून बघा. कोणी खांद्यावर नांगर घेऊन मळ्याकडे निघालेला असतो, कोणी इरले डोक्यावर घेऊन तरव्याची राखण करीत असतो, तर कोणी गळक्या कौलाखाली पातेले ठेवीत असतो. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि गुरुजी ओल्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या करून हजेरी घेत असतात. त्या दिवशी वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो, याची आठवण कोणाला राहते? सूर्यच जिथे चार-चार दिवस तोंड दाखवीत नाही, तिथे त्याचा दिवस मोठा की लहान, हे मोजायचे कोणी?

परंतु हा दिवस जगात मोठ्या थाटाने पाळला जातो. आपल्या रत्नागिरीकडे तो वेगळ्या नावाने आणि वेगळ्या रूपाने येतो, इतकेच. शिवाय या दिवसाचे गणित समजावून घेण्यात आपल्याच मातीतल्या दोन माणसांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घातली. त्यांची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी थोडे दूरचे पाहू. उत्तर युरोपात स्वीडन नावाचा देश आहे. तिथे हिवाळ्यात दिवस कसाबसा सहा तासांचा, काही भागांत तर सूर्य उगवतच नाही. उलट जूनमध्ये त्या देशाच्या राजधानीत साडेअठरा तास उजेड असतो. सहा महिने अंधाराने गांजलेल्या माणसांना हा उजेड म्हणजे केवढी दौलत! म्हणून ते गावाबाहेर हिरव्या पानाफुलांनी मढवलेला खांब उभारतात आणि त्याभोवती फेर धरतात. फिनलंडात तळ्याकाठी मोठमोठ्या होळ्या पेटवतात. लाटव्हियात लोक डोक्यावर ओकच्या पानांचे मुगुट घालून रात्रभर जागतात. इंग्लंडात स्टोनहेंज नावाचे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे प्रचंड दगडांचे वर्तुळ आहे. त्याची मांडणी अशी, की या दिवसांत मधोमध उभे राहिले तर सूर्य बाहेरच्या एका ठरावीक दगडाच्या बाजूने वर येताना दिसतो. अंधाराच्या देशात उजेडाचा सण होणारच!

आता जवळ या. आपल्या शेजारच्या गोव्यात २४ जूनला सांजांव होतो. संत जुआंव, म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, याचा हा जन्मदिवस. युरोपात याच सणाला आदल्या रात्री आगट्या पेटवून त्यांवरून उड्या मारण्याची चाल आहे. पोर्तुगीजांबरोबर हा सण गोव्यात आला आणि बघा काय झाले: आगीवरची उडी पाण्यात पडली! गोव्याचे तरुण डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालतात, गात-वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरतात आणि पावसाने भरलेल्या विहिरींत, ओढ्यांत धडाधड उड्या घेतात. नव्या जावयाला सासरचे बोलावणे असते. शिवोलीला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. सण तोच, तारीख तीच. पण उत्तरेत जिथे आग लागत होती, तिथे कोकणपट्टीच्या हवेने पाणी आणून ठेवले. सणाला देश कसा घडवतो, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मग आपल्या रत्नागिरीकडे काय? आपल्याला उजेडाचे नवल नाही. वैशाखात सूर्याने आपल्याला पुरेपूर भाजून काढलेले असते. कातळ तापलेला, विहिरी तळाला गेलेल्या, गुरे सावलीला धापा टाकणारी. आपण वाट बघतो ती सूर्य झाकणाऱ्याची. म्हणून आपला सण मोठ्या दिवसाच्या दोन आठवडे आधी, ७ किंवा ८ जूनला येतो. त्याचे नाव मिरग. सूर्य मृग नक्षत्रात गेला, की पंचांगाचा पावसाळा लागला.

मिरगाची तयारी कोकणात केवढी असते, हे मी तुम्हाला काय सांगावे? आगोटीची बेगमी करायची, म्हणजे मीठ, मिरची, लाकूडफाटा, सुकी मासळी घरात भरायची. दाढी भाजून झालेल्या असतात. काही जण पावसाच्या आधीच धूळवाफेवर भात पेरून मोकळे होतात आणि आभाळाकडे डोळे लावतात. मचवे, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. पूर्वी मुंबईच्या आगबोटीही या दिवसांत बंद होत आणि मुंबईचा चाकरमानी आणि गाव यांच्यात समुद्र खरोखरच आडवा येई. आज सरकारी नियमानेच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ. पण कोळ्याला ही बंदी नवी नाही. त्याचा समुद्र मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंदच असे.

मग एके दिवशी पावशा ओरडू लागतो. त्याच्या ओरडण्यात आपल्या शेतकऱ्याला "पेरते व्हा" असे ऐकू येते. पहिली सर पडते, आणि मातीतून मखमलीसारखे तांबडे किडे बाहेर येतात. पोरे त्यांना मिरगाचे किडे म्हणतात. ओहोळांना पाणी आले की चढणीचे मासे धरायला आणि कुर्ल्या पकडायला रात्री बत्त्या घेऊन माणसे निघतात. बऱ्याच घरांत मिरगाला कोंबडी-वडे होतात. काही वाड्यांत पेरणीपूर्वी गावच्या राखणदाराला राखण दिली जाते. त्याच सुमारास ज्येष्ठी पौर्णिमा येते. बायका वडाला सूत गुंडाळतात आणि वाणात आंबा, फणसाचे गरे, जांभळे देतात. उन्हाळ्याची शेवटची फळे आणि पावसाचे पहिले पाणी एकाच ताटात येतात. सांगा, हा मोठ्या दिवसांचा उत्सव नव्हे तर काय?

येथे कोणी विचारील, "अहो, पण यात सूर्य कुठे आला?" सूर्याशिवाय पाऊस कुठला! सूर्य उत्तरेकडे सरकतो, तशी आपली जमीन समुद्रापेक्षा लवकर आणि जास्त तापते. तापलेल्या भूमीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे बाष्पाने जड झालेले वारे धावून येतात. सह्याद्रीची भिंत त्यांना वर चढायला लावते. वर गेले की ते गार होतात आणि आपले ओझे खाली टाकतात. रत्नागिरीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो असा. म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य आपल्याला दिसत नाही, तो त्यानेच ओढून आणलेल्या ढगांमुळे.

उघड्या सूर्याची पूजा आपल्याकडे नाही असे मात्र समजू नका. राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचे प्रसिद्ध मंदिर आहे. समुद्रमार्गे जाणारे एक गलबत इथे अडले आणि त्यातली सूर्यमूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली, पुढे कनका नावाच्या भाविक स्त्रीला तिचा दृष्टांत झाला, अशी तिची कथा सांगतात. कथा कथेच्या जागी. पण कशेळीचा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळचा, शके १११३ चा ताम्रपट इतिहासाला ठाऊक आहे. तिथला मोठा उत्सव कधी होतो? रथसप्तमीला, म्हणजे माघात. थंडीतले कोवळे ऊन हवेसे वाटते, दिवस वाढू लागल्याचे जाणवते, तेव्हा. तात्पर्य, आपण माघात सूर्याची पूजा करतो आणि ज्येष्ठात पावसाची.

आता मोठ्या दिवसाच्या गणिताकडे वळू. रत्नागिरी जवळजवळ १७ उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला येथे सूर्य सकाळी सहा वाजून चार-पाच मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी सव्वासातच्या आत-बाहेर मावळतो. दिवस भरतो सुमारे तेरा तास आठ मिनिटांचा. पंचांगाच्या भाषेत बोलायचे तर दिनमान पावणेतेहेतीस घटकांच्या घरात जाते. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तास सात मिनिटांचा. फरक अवघा दोन तासांचा. म्हणून आपल्याला तो जाणवत नाही, आणि स्वीडनच्या माणसाला जाणवल्यावाचून राहत नाही.

आणखी एक गंमत. १० जूनपासून २ जुलैपर्यंत आपल्या दिनमानात मिनिट-दीड मिनिटापलीकडे फरक पडत नाही. सूर्य जणू थबकतो. हे आपल्या पूर्वजांनी पाहून ठेवले होते. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य सहा महिने उत्तरेकडे जातो, मग दक्षिणेकडे वळण्यापूर्वी थांबतो, असे सांगितले आहे. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा दिला आहे. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला तर मोठा दिवस चौदा तास चोवीस मिनिटांचा होतो. तो आपल्या रत्नागिरीला जुळत नाही, पुण्याला नाही, काशीलाही नाही! तो जुळतो ३४-३५ अक्षांशांवर, काश्मीर-गांधाराच्या बाजूला. एका आकड्यावरून जुने लोक कुठे बसून आकाश बघत असावेत, याचा तर्क करता येतो. गुरुजी, इतिहास शिलालेखातच असतो असे नाही. तो दिवसाच्या लांबीतही असतो, हे मुलांना अवश्य सांगा.

हा इतिहास ज्यांनी आयुष्यभर खणला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. जन्म १८५३ चा. हे काही विद्यापीठाचे मोठे पदवीधर नव्हते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले, शाळामास्तर झाले, गावोगावच्या बदल्या सोसल्या आणि शेवटी त्याच कॉलेजात शिक्षक होऊन आले. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी वेदांपासून आपल्या काळापर्यंतचे ग्रंथ आणि पंचांगे धुंडाळली आणि 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा 'इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ते वारले. वय पंचेचाळीसही पुरे नव्हते. पुढे त्यांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजीत भाषांतर झाले, कारण तो वाचल्याशिवाय या विषयात कोणाला पुढे जाता येईना. मराठी शाळेच्या एका मास्तराने हे काम केले, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी अभिमानाने उराशी बाळगावी अशी आहे.

दुसरे नाव तुम्ही ओळखलेच असेल. १८५६ साली खुद्द रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक. राजकारणातले लोकमान्य सर्वांना माहीत आहेत. पण १८९३ साली त्यांनी 'ओरायन' नावाचा ग्रंथ लिहिला. ओरायन म्हणजे आपला मृग! वेदांतल्या खुणांवरून त्यांनी असा सिद्धांत मांडला, की वेदकाळाच्या एका टप्प्यात, आजपासून सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, वसंतसंपात मृगात होता. म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या वसंतातल्या दिवशी सूर्य मृग नक्षत्राशी असे. त्यांचा निष्कर्ष सर्व विद्वानांना मान्य झाला असे नाही. पण ज्या गणितावर तो उभा आहे, ते पक्के आहे.

ते गणित आपल्या शेतीच्या मुळाशी जाते, म्हणून जरा लक्ष द्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डुलतो. त्यामुळे ऋतूंचे वर्ष आणि ताऱ्यांचे वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण साधारण ७१-७२ वर्षांत त्याचा एक पुरा दिवस होतो. आपली नक्षत्रे ताऱ्यांवर बांधलेली आहेत, आणि पाऊस बांधलेला आहे ऋतूवर. म्हणजे आपला मिरग ऋतूच्या मानाने दर सत्तरएक वर्षांनी एक दिवस उशिरा लागतो! वराहमिहिराच्या काळी, पंधराशे वर्षांपूर्वी, सूर्य मृगात जाई तो आजच्या हिशेबाने मेच्या मध्याला. आणखी दोन हजार वर्षांनी तो जाईल जुलै उजाडल्यावर. तेव्हाचा शेतकरी मिरगाची वाट बघत बसला, तर त्याचे भात करपेल की कुजेल, तुम्हीच विचार करा.

आज सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो तो २१-२२ जूनला, नेमका मोठ्या दिवसाशी. हा आपल्या काळचा योगायोग आहे. वराहमिहिराने हे सरकणे पाहिले होते. पूर्वीच्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून सांगितले आहे, आता मात्र ते कर्केच्या आरंभी होते, असे त्याने स्पष्ट नोंदवले. हा पाहून बोलणारा माणूस होता. आपण मात्र अजून १४-१५ जानेवारीच्या मकरसंक्रांतीलाच उत्तरायण लागले असे म्हणतो. सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास! सतराशे वर्षांपूर्वी हे दोन दिवस एक होते; आता त्यांत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. युरोपातही असेच झाले होते. तिथले जुने वर्ष ऋतूपासून ढळत गेले, म्हणून १५८२ साली पंचांगातले दहा दिवस एकदम गाळावे लागले.

या सरकण्याचा वाद आपल्या रत्नागिरीत घराघरांत येऊन बसला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. केरूनाना छत्रे हे टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गुरू. त्यांनी आकाशाशी जुळणारे पंचांग करण्याचा आग्रह धरला. टिळकांनी तो पुढे चालवला. नक्षत्रचक्राचा आरंभ रेवतीच्या एका ताऱ्यापासून धरावा, हे त्यांचे मत. व्यंकटेश बापूजी केतकर यांचे मत, तो चित्रेच्या ताऱ्यावरून ठरवावा. दोन्ही पक्षांत साधारण चार अंशांचा फरक आहे. म्हणून टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि मिरगही चार दिवस आधी लागतो. एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडला, तर एकाच गावात कोणाचा गणपती एका महिन्यात आणि कोणाचा पुढच्या महिन्यात! भावाभावांत यावरून बोलाचाली झालेल्या काही घरांत ऐकू येतात. दोघेही बिचारे शास्त्राला धरून असतात.

हा घोळ निस्तरण्यासाठी भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शकापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताला बांधलेले आहे. त्यामुळे तिच्यात १ आषाढ नेहमी २२ जूनला येतो, मोठ्या दिवसाच्या उंबऱ्यावर, आणि हजार वर्षांनीही तिथेच राहील. आकाशवाणीवरून तुम्ही जी शकाची तारीख ऐकता, ती हीच. पण सरकारी कागदाबाहेर ती फारशी गेली नाही. लोकांनी सण सोडले नाहीत, तिथी सोडली नाही. आणि ते का सोडावेत? ज्येष्ठी पौर्णिमेचा चंद्र किंवा आषाढीची वारी यांना तारखेच्या खुंटीला टांगण्याची गरज नाही. आषाढी एकादशीला देव झोपतात असे आपण म्हणतो, यातही दक्षिणायनाचीच आठवण आहे. उत्तरायण हा देवांचा दिवस आणि दक्षिणायन ही त्यांची रात्र, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. माणसांचा सर्वांत मोठा दिवस संपतो, तिथे देवांची रात्र सुरू होते!

माझे म्हणणे एवढेच आहे की श्रद्धा आणि पेरणी यांची गल्लत होऊ नये. मिरगाला कोंबडी-वडे खुशाल करा, राखण द्या, वडाला सूत गुंडाळा. पण बी मातीत टाकताना जमिनीची ओल बघा, हवामान खात्याचा अंदाज ऐका, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला विचारा. "मिरग लागला, आता पेरलेच पाहिजे" म्हणून चार थेंबांवर बी टाकले आणि पुढे पंधरा दिवस उघाड पडली, तर दुबार पेरणीचा भुर्दंड कोणते पंचांग भरून देणार?

आता शिक्षकबंधूंसाठी एक काम सांगतो. कोणत्याही पंचांगाच्या वादात न पडणारे एक पंचांग आहे. त्याला खर्च काही नाही. शाळेच्या पटांगणात एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे, तर ऋतूप्रमाणे साधारण बारा वीस ते बारा पन्नासच्या दरम्यान. तेव्हा दर आठवड्याला सावलीच्या टोकाशी एक खूण करा. २२ डिसेंबरला ही सावली उत्तरेकडे ८५ सेंटिमीटर पडेल. मग ती आखडत जाईल. ८ मेच्या सुमारास ती काठीच्या पायात नाहीशी होईल. सुट्टी असली तरी मुलांना घरी अंगणात हे पाहायला सांगा. आणि त्यानंतर? त्यानंतर सावली उलटी फिरेल, दक्षिणेकडे पडू लागेल! २१ जूनला ती दक्षिणेला ११ सेंटिमीटर असते. त्या दिवशी ढग असतील आणि काही दिसणार नाही, हे मान्य. पण ५ ऑगस्टच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली, तर ती पुन्हा पायाशी येऊन नाहीशी झालेली दिसेल. दोन्ही टोके हाती आली की मधला दिवस मुले स्वतः काढतील. मे ८ आणि ऑगस्ट ५ यांचा मध्य मोजा. तो जूनच्या २१ तारखेलाच येऊन पडतो.

जे पाहता आले नाही ते हिशेबाने कळले, याचा आनंद त्या मुलांच्या चेहऱ्यावर बघा. मुरूडच्या मास्तरांना आणि रत्नागिरीच्या टिळकांना जो आनंद झाला असेल, त्याच जातीचा तो आहे.

२०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. शाळेत सकाळी मुले रांगेने बसतील, तेव्हा आसने झाल्यावर दोन मिनिटे त्यांना थांबवा आणि सांगा, की आज वर्षातला सर्वांत मोठा दिवस आहे. सूर्य ढगाआड आहे, पण तो आज थबकला आहे आणि उद्यापासून दक्षिणेची वाट धरणार आहे. बाहेर धो धो पाऊस पडत असेल, मळ्यात नांगर चालू असतील. मुले मान वर करून त्या काळ्या आभाळाकडे बघतील. तेवढे झाले तरी आपला मोठा दिवस साजरा झाला, असे मी समजेन.